स्लाइडच्या आतली कोरडी जागा

पिस्तुलाची फायरिंग पिन सहसा कुणाच्या नजरेला पडत नाही. स्लाइडच्या मागच्या भागात एक अरुंद नळी असते, तिच्यात ती आडवी बसलेली असते. तिचं शेपूट मागच्या पट्टीच्या भोकातून नखाला जाणवेल इतकंच बाहेर येतं आणि पुढचं टोक ब्रीचच्या आतच राहतं. पिस्तूल बाळगणाऱ्या अधिकाऱ्याला बॅरल माहीत असते, मॅगझिन माहीत असतं, साइट माहीत असते. पिनचं नाव मात्र तो प्रशिक्षणात पाठ करतो आणि पुढे विसरून जातो. मी पोलीस दलात आर्मरर होतो. हातून रायफली, कार्बाइन, रिव्हॉल्व्हर, सगळं गेलं, पण माझा जीव सगळ्यात जास्त गुंतला तो या नळीत. पिस्तूल ऐनवेळी बोलणार की गप्प राहणार, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

आमच्याकडचं मुख्य पिस्तूल म्हणजे 9 मिलिमीटरचं ‘पिस्टल ऑटो वन-ए’, पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं. त्याचं घराणं थेट ब्राउनिंग हाय-पॉवरपर्यंत जातं. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने त्याची सुरुवात केली. 1926 साली बेल्जियममधल्या कारखान्यातच त्याचं निधन झालं आणि दियुदोने सेव्ह या बेल्जियन अभियंत्याने ते काम पूर्ण केलं. 1935 साली पिस्तूल बाजारात आलं, 13 राउंडचं मॅगझिन घेऊन. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम घेतल्यावर तेच पिस्तूल कॅनडात टोरंटोच्या इंग्लिस कंपनीने बनवलं, आणि आपलं ईशापूरचं पिस्तूल त्या इंग्लिसच्या घडणीवर उभं आहे. प्रशिक्षण घेणाऱ्या पोरांना मी ही वंशावळ नेहमी सांगत असे. हातातल्या वस्तूचा विचार कुणीतरी आयुष्य घालवून केला आहे, हे कळलं की ती वस्तू टेबलावर आपटायला हात धजत नाही.

ब्राउनिंगचा तो विचार पिनमध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतो. 1911 सालच्या त्याच्या प्रसिद्ध अमेरिकन पिस्तुलातही त्याने हीच युक्ती वापरली होती. पिनची लांबी नळीपेक्षा थोडी कमी ठेवलेली असते. हॅमर खाली टेकलेला असतानासुद्धा पिनचं टोक काडतुसाच्या कॅपला शिवत नाही. हॅमरचा फटका बसला की त्या झटक्याने पिन पुढे धावते, स्प्रिंग दबते, टोक ब्रीचमधल्या छोट्या भोकातून क्षणभर बाहेर येतं, कॅपवर आदळतं आणि स्प्रिंग तिला लगेच मागे खेचते. कॅपमधलं मिश्रण ऐरणीवर चिरडून पेट घेतं, ज्वाला दारूपर्यंत जाते, गोळी सुटते. ही सगळी धाव पिन स्वतःच्या वेगावर पुरी करते. मागून तिला कुणी ढकलत राहत नाही. म्हणून वाटेत जरासा अडथळा आला तरी फटका कमजोर होतो.

मला हे काम ज्यांनी शिकवलं ते सैन्यातून निवृत्त होऊन आलेले, सातारा भागातले. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. ते फार बोलत नसत. पहिल्यांदा त्यांनी माझ्यासमोर एक पिस्तूल ठेवलं आणि विचारलं, “खाली आहे का?” मी मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, आत पाहिलं, म्हटलं, “हो, उस्ताद.” ते म्हणाले, “डोळ्यानं बघितलंस. आता बोटानं बघ. अंधारात काम करायची वेळ आली तर डोळा काय करणार?” तेव्हापासून चेंबरमध्ये करंगळी घातल्याशिवाय मी पिस्तुलाला हत्यार लावलं नाही. राउंड दुसऱ्या खोलीत ठेवायचे, टेबलावर एकही काडतूस दिसता कामा नये, हाही त्यांचाच नियम.

या पिस्तुलात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मॅगझिन काढलेलं असेल तर ट्रिगर दाबूनही हॅमर पडत नाही, अशी आतली व्यवस्था आहे. सुरक्षेसाठी ती चांगली आहे, पण तिच्यामुळे एक धोका उभा राहतो. हॅमर खाली सोडायचा म्हणून माणसं पुन्हा मॅगझिन घालतात आणि गडबडीत ते भरलेलं निघतं. म्हणून आमच्या टेबलावर एक रिकामं मॅगझिन कायम वेगळं असायचं, तळाला लाल रंगाचा पट्टा मारलेलं. हॅमर सोडायला फक्त तेच.

आता उकलणी. स्लाइड मागे ओढून सेफ्टी कॅच तिच्या पुढच्या खाचेत अडकवायचा, म्हणजे स्लाइड मागेच थांबते. उजव्या बाजूने स्लाइड स्टॉपची दांडी दाबायची आणि डावीकडून तो ओढून काढायचा. मग स्लाइडवर हात घट्ट ठेवून कॅच सोडायचा आणि ती पुढच्या बाजूने फ्रेमवरून अलगद उतरवायची. रिकॉइल स्प्रिंग आणि बॅरल काढली की हातात राहते रिकामी स्लाइड. इथपर्यंत शिपाईसुद्धा येतो, रोजच्या सफाईला एवढं पुरे. आर्मररचं काम याच्या पुढे सुरू होतं.

स्लाइड उभी धरून मागची पट्टी आपल्याकडे करायची. भोकातून डोकावणारं पिनचं शेपूट बारीक पंचाने आत दाबायचं, पट्टीच्या पातळीच्या खाली. तसंच दाबून ठेवून दुसऱ्या हाताने पट्टी खालच्या दिशेला सरकवायची. पट्टी हलली की पंच काढून लगेच अंगठा ठेवायचा. अंगठा ठेवला नाही तर स्प्रिंग पिनला बाहेर फेकते, आणि ती पिन शस्त्रागाराच्या कपाटाखाली गेली की संध्याकाळ तिच्या शोधात जाते. डोळ्याजवळ तर हे काम करूच नये. नव्या पोरांना मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून पट्टी काढायला लावायचो. सुरुवातीला त्यांना संकोच वाटायचा, पण उडालेली स्प्रिंग पिशवीत अडकलेली पाहिली की पुढच्या वेळी पिशवी ते स्वतःच मागून घेत.

अंगठा हळूहळू सैल केला की पिन आणि स्प्रिंग हातात येतात. बहुतेकांना हा शेवट वाटतो. मला मात्र खरी उत्सुकता त्यानंतरच असायची, कारण नळीतून काय बाहेर येतंय यावरून त्या पिस्तुलाची गेल्या काही वर्षांतली निगा समजते. पांढऱ्या चिंदीवर आधी काळा कार्बन येतो. ब्रीचच्या भोकातून मागे आलेली ही काजळी. तिच्यात पिवळसर चकाकणारे बारीक कण दिसतात. ते कॅपच्या धातूचे असतात. फटक्याच्या वेळी कॅपचा पत्रा भोकाच्या कडेला घासला जातो आणि त्याचे कण आत साठत राहतात. आणि या सगळ्याला धरून ठेवणारं जे असतं ते जुनं तेल. तपकिरी, चिकट, काही ठिकाणी गुळाच्या पाकासारखं आटलेलं.

तेल ही आपल्या शस्त्रागारांची सवय झाली आहे. तपासणी असली की बाटल्या उघडतात. पिस्तूल चमकलं पाहिजे, हात लावला तर बोटाला तेल लागलं पाहिजे, म्हणजे निगा चांगली, असा समज खोलवर बसला आहे. बाहेरून चोपडलेलं तेल हॅमरच्या खाचेतून आणि पिनच्या भोकातून आत झिरपतं आणि तिथेच राहतं. त्यावर धूळ बसते, बंदोबस्ताला गेलेल्या पिस्तुलात घाम आणि होल्स्टरच्या चामड्याचा भुगा मिसळतो. उन्हाळ्यात त्यातला हलका भाग उडून जातो आणि राळ उरते. त्या राळेत पिन धावायची तशी धावत नाही. उस्ताद एवढंच म्हणायचे, “पोरा, नळीत तेल दिसतंय ना? मग ते जास्त झालं.”

एकदा वार्षिक गोळीबार सरावातून एक पिस्तूल परत आलं. सोबत तक्रार, राउंड खराब आहेत. निम्म्याहून जास्त राउंड सुटलेच नव्हते. रेंजवर योग्य ते सगळं केलं होतं. बॅरल टार्गेटकडे ठेवून थांबले होते, मग स्लाइड ओढून राउंड बाजूला काढले होते. काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्याची होती, बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरं. मी एकेक न सुटलेलं काडतूस उजेडात धरून कॅप पाहिली. प्रत्येकीवर ठसा होता, बरोबर मध्यावर होता, पण उथळ. खोली पुरेशी नाही म्हणजे फटका अपुरा. दुसऱ्या पिस्तुलातून त्याच पेटीतले राउंड मारले, सगळे सुटले. तेव्हा राउंडवरचा आरोप मिटला.

त्या पिस्तुलाची पट्टी काढताना पंच दाबला तेव्हाच समजलं. पिन आत गेली, पण परत यायला तिने वेळ घेतला. स्प्रिंग तिला ढकलत होती आणि ती राळेतून सरपटत येत होती. बाहेरून ते पिस्तूल त्या खोलीतलं सगळ्यात देखणं होतं. ब्लूइंग शाबूत, ग्रिपवर ओरखडा नाही. नळीत मात्र किती वर्षांचं तेल होतं कुणास ठाऊक. मी पिन रॉकेलमध्ये भिजत ठेवली. नळीत रॉकेलचा बोळा फिरवून बांबूच्या बारीक कामटीला चिंदी गुंडाळून ती साफ केली, चिंदी पांढरी येईपर्यंत. मग कोरड्या चिंदीने पुन्हा, कारण रॉकेलही मागे आपला थर सोडतं. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून लांबी पाहिली. ती आखडलेली होती, बदलली. दुसऱ्या आठवड्यात तेच पिस्तूल रेंजवर गेलं आणि एकही राउंड अडला नाही.

या घटनेत जी गोष्ट मला अस्वस्थ करून गेली ती मिसफायरची नव्हती. पिन राळेत अडकते तशी ती पुढच्या टोकालाही अडकू शकते. म्हणजे टोक ब्रीचच्या भोकातून बाहेर राहिलं, मागे सरकलंच नाही, तर पुढचा राउंड चेंबरमध्ये जाताना स्लाइडच्या जोराने ते टोक कॅपवर आदळू शकतं. ट्रिगरला कुणी हात लावलेला नसताना. सराव चालू असताना शेजारच्या लेनमध्ये माणसं उभी असतात. शिवाय आमच्या पिस्तुलात पिनला अडवणारा वेगळा खटका नव्हता, तो या घराण्यात पुढच्या पिढीच्या मॉडेलमध्ये आला. तोंडावर कठीण फरशीवर पडलं तर पिनला मागे धरून ठेवायला फक्त ती स्प्रिंगच. म्हणून मी स्प्रिंगला कधीही दुय्यम भाग मानलं नाही.

किनारपट्टीच्या एका जिल्ह्यात काढलेल्या वर्षांनी मला दुसरी बाजूही शिकवली. तिथे तेल अजिबात नको म्हणून चालत नाही. पावसाळ्यात खारी हवा कपाटात शिरते आणि चार दिवसांत पिनवर तांबूस ठिपके येतात. तिथे मी एक पद्धत धरली. साफ केलेल्या पिनवर बोटाने तेल लावायचं आणि मग कोरड्या चिंदीने ते पुसून टाकायचं. पुसल्यावर जेवढं उरतं, तेवढंच तिचं. नळी मात्र कोरडीच. आणि फुंकर मारायची नाही. फुंकरीने धूळ उडते हे खरं, पण तोंडातली वाफ नळीत जाऊन बसते. कापसाची काडीही मी टाळायचो, तिचे तंतू आत सुटून राहतात.

खंडेनवमीचा आणि दसऱ्याचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. शस्त्रपूजन आमच्याकडे मनापासून होतं. शस्त्रागार धुऊन पुसून घ्यायचं, रायफली रांगेत मांडायच्या, पुढे पिस्तुलं, झेंडूची फुलं, हळद-कुंकू, अक्षता, नारळ. त्या दिवशी शस्त्रागाराला देवघराची कळा येते आणि मला तो दिवस फार प्रिय होता. पण हळद-कुंकू म्हणजे बारीक पूड, आणि खाली तेलाचा थर. ती पूड हॅमरच्या सांदीत, पट्टीच्या भोकाभोवती चिकटते, आणि झेंडूचा ओलावा लोखंडाला लागतो. म्हणून पुढे पुढे मी मांडणी थोडी बदलली. पिस्तुलं कोरडी पुसून ठेवायची, हळद-कुंकू ग्रिपवर आणि पुढच्या भागाला लावायचं, फूल शेजारी ठेवायचं, वर नाही. साहेबांना कारण समजावून सांगितलं, त्यांनीही मान्य केलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्या पिस्तुलांच्या स्लाइड उतरवून पाहत असे, कारण पूजेला मांडलेलं शस्त्र आपल्या हातून बिघडू नये, ही जबाबदारीसुद्धा त्या श्रद्धेतच येते.

पिनच्या टोकाबद्दल सांगायचं आहे. ते गोलसर, गुळगुळीत हवं. टोकदार झालं तर कॅपला भोक पाडतं आणि गरम वायू मागे नळीत येतो. टवका उडाला असेल तर फटका नीट बसत नाही. भिंगाखाली टोक पाहायची सवय मी लावून घेतली. अनेकांना मोह होतो, जरा कानस मारू, जरा पॉलिश पेपर फिरवू. हे करू नये. टोक खराब असेल तर पिन बदलावी आणि तशी नोंद करावी. याचं एक कारण यांत्रिक आहे, दुसरं कायद्याचं. झाडलेल्या काडतुसाच्या कॅपवर पिनचा ठसा उमटतो, ब्रीचच्या पृष्ठभागाच्या रेघा उमटतात, आणि घटनास्थळी सापडलेली पुंगळी कोणत्या शस्त्रातून आली हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली ठरवताना हेच ठसे जुळवून पाहतात. मुंबईत कलिन्याच्या प्रयोगशाळेत अशा तपासण्या होतात. पोलिसाने ड्यूटीवर गोळी झाडली असेल तर त्याचं पिस्तूल आर्मररने उघडायचं नाही, पुसायचं नाही, तेल तर नाहीच. आहे तसं सील करून पुढे पाठवायचं. हात शिवशिवतात, कारण काजळी दिसली की पुसावीशी वाटते. पण त्या काजळीवर एखाद्या शिपायाची निर्दोषता अवलंबून असू शकते.

नंतरच्या काळात ग्लॉक आली. तिच्यात हॅमर नाही, पिनच्या जागी स्ट्रायकर असतो आणि पट्टीऐवजी मागे प्लॅस्टिकचं झाकण. ते झाकण काढायची रीत वेगळी, आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं त्याला हात लावायचा नाही. पण बनवणाऱ्याची सूचना वाचली तेव्हा मला बरं वाटलं. तीही तेच सांगते, या नळीत तेल घालू नका. ऑस्ट्रियात बनलेल्या त्या पिस्तुलाच्या पुस्तिकेत उस्तादांचंच वाक्य दुसऱ्या भाषेत भेटलं. त्यांना ते सांगायला मी निरोप धाडला होता. ते तेव्हा गावी होते, शेती पाहत होते. उलट निरोप आला, “मग? त्यात नवीन काय?”

जोडणी उलट क्रमाने होते. स्प्रिंग पिनवर चढवायची, दोन्ही नळीत सोडायची, पंचाने दाबून पट्टी खालून वर सरकवायची, आणि पिनचं शेपूट पट्टीच्या भोकात टक् करून बसलं पाहिजे. तो आवाज कानाने ऐकावा. मग एक चाचणी, जी मी कधीच चुकवली नाही. पंचाने शेपूट पट्टीच्या पातळीपर्यंत दाबायचं आणि ब्रीचकडे पाहायचं. टोक बाहेर दिसता कामा नये. आणखी आत दाबलं की टोक बाहेर आलं पाहिजे. पंच काढला की ते झटकन, आवाज करत, मागे गेलं पाहिजे. रेंगाळलं तर पुन्हा उघडायचं.

शस्त्रतपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी फार थोडे ही चाचणी मागतात. बहुतेक जण बॅरलमधून उजेड पाहतात, बोट फिरवतात, रजिस्टरवर सही करतात. त्यांचा दोष म्हणून मी हे लिहीत नाही, त्यांच्यामागे शंभर कामं असतात. पण निवडणूक असो, गणपतीचा बंदोबस्त असो, रात्रीची नाकाबंदी असो, कमरेला पिस्तूल लावून उभा राहणारा माणूस त्या नळीच्या भरवशावर उभा असतो आणि त्याने ती कधी पाहिलेली नसते. त्याच्या वतीने कुणीतरी पाहिली पाहिजे.

जिल्ह्या-जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. सराव संपल्यावर पिस्तुलं लगेच वाटून टाकू नका. आर्मररला दोन दिवस द्या आणि प्रत्येक स्लाइडची पट्टी उतरवायला सांगा. तपासणीच्या वेळी बॅरल पाहून झाली की पंच मागवा आणि पिन दाबून, सोडून बघा. आणि शस्त्रागारात नव्याने आलेल्या मुलांना तेलाची बाटली देण्याआधी कोरडी चिंदी हातात द्या.